छोट्या मोसफेटचं थ्रेशोल्ड व्होल्टेज मोजायचं कसं

२एन७००० या छोट्या मोसफेटची डेटाशीट (कंपनीचा माहितीचा कागद) उघडली की गेट थ्रेशोल्डच्या ओळीत तीन आकडे दिसतात: कमीत कमी ०.८ व्होल्ट, साधारणपणे २.१ आणि जास्तीत जास्त ३. रबाळे-महाप्याच्या पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एखाद्या गाळ्यात नव्याने कामाला लागलेला डिप्लोमावाला हे वाचतो आणि बुचकळ्यात पडतो. ०.८ कुठे आणि ३ कुठे! माझ्या हातात आहे त्या नगाचं नेमकं किती धरायचं? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तर काढायला महागडं यंत्र लागत नाही. नऊ व्होल्टची बॅटरी, एक रेझिस्टर आणि मल्टिमीटर एवढ्यात काम होतं. मात्र एक अट आहे: जो आकडा येईल त्याच्या शेजारी करंट लिहायचा. "याचं थ्रेशोल्ड २.०५" हे अर्धं वाक्य आहे. "१ मिलिअँपिअरला २.०५" हे पूर्ण.

असं का, ते आधी दोन मिनिटांत बघू.

मोसफेट म्हणजे व्होल्टेजने उघडणारा झडपेसारखा नग, त्याला तीन पाय: गेट, ड्रेन आणि सोर्स. त्यात गेट आणि आतलं सिलिकॉन यांच्यामध्ये ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. एन-चॅनल नगाच्या गेटला सोर्सपेक्षा धन व्होल्टेज दिलं की थराखाली इलेक्ट्रॉन गोळा होऊ लागतात, आणि पुरेसे जमले की ड्रेन आणि सोर्स यांच्यात वाट तयार होते. पुस्तकात या "पुरेसे" ला थ्रेशोल्ड म्हणतात आणि आलेखावर तिथे एक ठळक ठिपका काढतात. प्रत्यक्षात तसा ठिपका सापडत नाही. उजाडतं कधी, हे पंचांगात मिनिटासकट दिलेलं असतं. खिडकीबाहेर मात्र तशी रेघ कुठेच नसते. मोसफेटचंही तसंच. थ्रेशोल्डच्या खालीसुद्धा करंट वाहतोच, फक्त झपाट्याने कमी होत जातो. तो दहापट घटवायला खोलीच्या तापमानाला गेट व्होल्टेज किमान ६० मिलिव्होल्टने उतरवावं लागतं, आणि खऱ्याखुऱ्या नगाला त्याहून जास्तच. थ्रेशोल्डच्या वर गेलं की करंट साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मधे कुठे कोपरा नाही.

म्हणून कंपन्या एक करंट ठरवतात आणि तेवढा वाहू लागला की त्या क्षणाच्या गेट व्होल्टेजला थ्रेशोल्ड म्हणतात. २एन७००० साठी हा करंट १ मिलिअँपिअर आहे. आयआरएफझेड४४एन सारख्या पॉवर मोसफेटसाठी २५० मायक्रोअँपिअर, आणि तिथे मर्यादा २ ते ४ व्होल्ट. दोन वेगळ्या नगांची तुलना करताना आधी ही अट वाचा, मग आकडा.

सामान आणि खरेदी

ठाणे किंवा नवी मुंबईत स्टेशनच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं असतात, पण सुट्या मोसफेटसाठी शेवटी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागतो. ठाण्याहून दादरला उतरायचं, पश्चिम रेल्वेची धीमी गाडी धरायची आणि ग्रँट रोड. जलद गाडी तिथे थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. दुकानात "२एन७००० द्या" म्हटलं की काही दुकानदार बीएस१७० पुढे करतात, "एकच आहे हो". कामापुरता तो खरंच जवळजवळ एकच आहे. पाय मात्र उलटे आहेत, त्याबद्दल पुढे येतंच. निदान दहा नग एकाच पट्टीतले घ्या. स्वस्त असतात, आणि एकच नग मोजून शिकायला काही मिळत नाही. दहा मोजले की आपल्या हातातला माल किती पसरलेला आहे ते कळतं.

रेझिस्टरमध्ये ६.८ के, म्हणजे किलोओहम (पट्टे निळा, करडा, लाल) मुख्य. जोडीला २७ के (लाल, जांभळा, नारिंगी), १.८ के, ६८० ओहम आणि ३९० ओहम असू द्या, पाव वॉटचे. ब्रेडबोर्ड, चार जंपर वायर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि तिचा क्लिप. अडॅप्टर चालतो, पण स्वस्त अडॅप्टरच्या आउटपुटवर गोंगाट असतो आणि शेवटचा आकडा नाचत राहतो. या कामाला बॅटरी बरी.

मल्टिमीटर कुठलाही चालेल. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. साध्या साडेतीन अंकी मीटरची २ व्होल्टची रेंज १.९९९ ला संपते, आणि आपला नग बहुधा नेमका त्याच्या थोडा वर असतो. मग २० ची रेंज लावावी लागते आणि वाचन १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी मिळतं. शिकण्यापुरतं तेवढं ठीक. दुसरं, मीटर स्वतःही थोडा करंट पितो. चांगल्या मीटरचा आतला रोध १० मेगओहम असतो, स्वस्त पिवळ्या मीटरचा बऱ्याचदा १ मेगओहमच. २ व्होल्टला तो २ मायक्रोअँपिअर घेईल. १ मिलिअँपिअरच्या मोजणीत हे पाव टक्काही नाही, तेव्हा काळजी नको. पण उत्साहाच्या भरात ६.८ के काढून तिथे १ मेगओहम लावलात तर वाहणारा करंटच ७ मायक्रोअँपिअर असेल, आणि त्यातले दोन मीटर खाऊन टाकेल.

नग हाताळताना

गेटचा ऑक्साइड पातळ असतो. २एन७००० च्या गेटला सतत २० व्होल्टपेक्षा जास्त देऊ नये असं डेटाशीट सांगते. आपल्या अंगावरच्या स्थिर विजेचा झटका हजारो व्होल्टचा असू शकतो. जुलैत ठाण्याची हवाच इतकी दमट असते की हा धोका बराच कमी होतो. एसी लावलेल्या कोरड्या लॅबमध्ये मात्र तो वाढतो, आणि टेरिलीनचा शर्ट आणि प्लॅस्टिकची खुर्ची असेल तर आणखी. काम सुरू करण्याआधी अर्थ केलेल्या धातूला हात लावा. सोल्डरिंग स्टेशनचं अर्थ केलेलं धातूचं अंग चालेल. नग काळ्या वाहक फोममध्ये ठेवा. फोम नसेल तर स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये तिन्ही पाय खोचून ठेवले तरी चालतं. थर्माकोलमध्ये खोचून ठेवायची सवय अनेकांना असते, ती सोडा. तिथे स्थिर वीज आयतीच तयार होते.

पाय ओळखा

२एन७००० ची सपाट, छापील बाजू आपल्याकडे, पाय खाली. डावीकडून उजवीकडे: सोर्स, गेट, ड्रेन. बीएस१७० मध्ये याच्या उलट: ड्रेन, गेट, सोर्स. दोन्हींत गेट मधे आहे, आणि ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे. कसं ते जोडणी झाल्यावर कळेल.

जोडणी

नग ब्रेडबोर्डमध्ये असा लावा की तिन्ही पाय वेगवेगळ्या ओळींत येतील. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण पाय जवळजवळ असतात आणि घाईत दोन पाय एकाच ओळीत जातात. थोडे फाकवून घ्या, मुळाशी न वाकवता.

आता एका छोट्या वायरने गेट आणि ड्रेन एकमेकांना जोडा. ही या सगळ्या मांडणीतली मुख्य युक्ती. डेटाशीटमध्ये थ्रेशोल्डच्या ओळीत "ड्रेन-सोर्स व्होल्टेज बरोबर गेट-सोर्स व्होल्टेज" अशी अट असते, ती म्हणजे नेमकी ही वायर. सोर्स बॅटरीच्या ऋण टोकाला. बॅटरीच्या धन टोकाकडून ६.८ के रेझिस्टर गेट-ड्रेनच्या जोडावर. झालं.

बॅटरी लावली की काय होतं? सुरुवातीला मोसफेट बंद, त्यामुळे जोडावरचं व्होल्टेज वर चढायला लागतं. ते चढतं म्हणजे गेटचंही चढतं. गेट पुरेसा वर आला की मोसफेट उघडतो आणि रेझिस्टरमधून करंट ओढतो, तसं जोडावरचं व्होल्टेज खाली खेचलं जातं. दोघांची रस्सीखेच एका जागी येऊन थांबते, आणि रेझिस्टरमधून जेवढा करंट येतोय तेवढाच मोसफेट वाहू देतो असं गेट व्होल्टेज आपोआप ठरतं. आपल्याला काही फिरवावं लागत नाही. ६.८ के चा हिशेब असा: बॅटरी ९, गेट सुमारे २.१, उरले ६.९ व्होल्ट, भागिले ६.८ के, म्हणजे जवळजवळ नेमका १ मिलिअँपिअर.

मीटर आधी रेझिस्टरच्या दोन टोकांवर धरा आणि आकडा लिहा. मग गेट आणि सोर्सवर धरा, तो लिहा. शेवटी बॅटरीवर. पहिल्या दोन्हींची बेरीज तिसऱ्याइतकी यायला हवी. समजा रेझिस्टरवर ६.९५ आणि गेटवर २.०५ आले, तर बॅटरी ९.०० दाखवेल. नाही जुळली तर कुठेतरी लूज आहे किंवा मीटरची रेंज चुकली आहे. पुढे जाऊ नका. जुळली तर ६.९५ ला ६.८ ने भागा: १.०२ मिलिअँपिअर. वहीत लिहा: १.०२ मिलिअँपिअरला २.०५ व्होल्ट.

रेझिस्टर पाच टक्क्यांचा आहे, मग करंट पाच टक्के इकडेतिकडे होईल, त्याचं काय? काही नाही. या आकाराच्या नगाला १ मिलिअँपिअरच्या आसपास करंट पाच टक्के बदलला तर गेट व्होल्टेज दोन-तीन मिलिव्होल्टच हलतं, म्हणजे आपल्या मीटरच्या एका पायरीपेक्षाही कमी. म्हणूनच ही पद्धत स्वस्त सामानात चालते. आता ६.८ के काढून २७ के लावा. करंट सुमारे २५० मायक्रोअँपिअर होईल आणि आकडा साधारण ५० मिलिव्होल्ट खाली येईल. नग तोच, बॅटरी तीच, थ्रेशोल्ड बदललं. करंट लिहायचा आग्रह का, ते इथे डोळ्यांनी दिसतं.

आकडा भलताच आला तर

गाळ्यात इंटर्नशिपला आलेली कोपरखैरण्याची एक मुलगी दहा नग मोजत बसली होती. सात नग २ च्या आसपास, आणि आठवा ०.६१.

"दादा, हा जळलेला आहे. बाजूला काढू?"

"थांब गं, फेकू नकोस. जरा उलटा फिरवून लाव."

तिने नग उपटला, सपाट बाजू पलीकडे करून त्याच तीन भोकांत बसवला. मीटरवर २.१२. वर छापलेलं नाव भिंगातून वाचलं तर बीएस१७०. दुकानदाराच्या डब्यात मिसळले असणार.

यामागचं कारण असं. मोसफेटच्या पोटात सोर्सकडून ड्रेनकडे वाहणारा एक डायोड जात्याच असतो. नग उलटा बसला की गेट सोर्सला जोडला जातो, म्हणजे मोसफेट बंदच राहतो, आणि सगळा १ मिलिअँपिअर त्या डायोडमधून जातो. डायोडवर पडतात ०.६ च्या आसपास. तेवढ्या करंटने नगाला काही इजा होत नाही. गेट मधे असल्यामुळे फिरवून पाहणं इतकं सोपं आहे की शंका आली की फिरवा. आणि दोन्ही बाजूंनी ०.६-०.७ च आलं तर तो मोसफेट नाहीच, बीसी५४७ च्या जातीतला साधा ट्रान्झिस्टर आहे. त्याचाही मधला पाय बेस असतो आणि दोन्हीकडे डायोडच दिसतो.

मीटरवर पूर्ण ९ व्होल्ट दिसले तर करंट वाहतच नाही: पाय नीट बसलेला नाही, किंवा आतून तुटलाय. शून्याजवळ दिसले तर शॉर्ट आहे. आधी ब्रेडबोर्डची ओळ तपासा, मग नगावर संशय घ्या. आकडा वाऱ्यावर असल्यासारखा भरकटत असेल आणि हात जवळ नेला की बदलत असेल, तर गेट-ड्रेनची वायर टेकलेलीच नाही आणि गेट लोंबकळतोय. मोठ्या पॉवर मोसफेटवर हीच मोजणी करताना कधी आकडा स्थिर पण विचित्र येतो. लांब वायरींमुळे तो नग आतल्या आत ऑसिलेट होत, म्हणजे आपोआप वेगाने वरखाली होत असू शकतो. गेटच्या पायाशी १०० ओहमचा रेझिस्टर ओळीने घाला. गेट करंट घेत नाही, म्हणून वाचनात फरक पडत नाही आणि ऑसिलेशन थांबतं.

वर्गमुळाची रेघ

एवढ्यावर थांबलात तरी कामापुरतं झालं. पण सर्किटची आकडेमोड करायची असेल तर आणखी तीन वाचनं घ्या, कारण त्यातून नगाचा स्वभाव कळतो. मोसफेट पुरेसा उघडल्यावर करंट हा (गेट व्होल्टेज वजा थ्रेशोल्ड) याच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे करंटचं वर्गमूळ काढलं तर आलेख सरळ रेघ होतो, आणि ती रेघ मागे वाढवून शून्य करंटला जिथे पोचते ते थ्रेशोल्ड. हे कुणी ठरवून दिलेल्या करंटवर अवलंबून नसतं.

तीच जोडणी, फक्त रेझिस्टर बदलत जायचा: १.८ के, ६८० ओहम, ३९० ओहम. इथे पोटेन्शिओमीटर लावायचा मोह होतो. लावू नका, छोट्या पॉटचा ट्रॅक टोकाकडे एवढा करंट सोसत नाही आणि हळूच जळतो. पूर्ण १० के मध्ये पाव वॉट सोसणाऱ्या पॉटला जेमतेम ५ मिलिअँपिअर चालतात, आपण १७ पर्यंत जाणार आहोत. करंट दरवेळी रेझिस्टरवरच्या व्होल्टेजवरूनच काढा, बॅटरी ९ व्होल्टच आहे असं धरून नको. जास्त करंटला ती खाली बसते.

उदाहरणादाखल असे आकडे धरू: ३.८ मिलिअँपिअरला २.१५ व्होल्ट, ९.९ ला २.२७, १७ ला २.३६. वर्गमुळं अनुक्रमे १.९५, ३.१५ आणि ४.१२. आलेखाच्या कागदावर आडवं वर्गमूळ, उभं व्होल्टेज. तीन ठिपके एका रेघेत येतात, आणि वर्गमूळ १ ने वाढलं की व्होल्टेज जवळजवळ ०.१ ने वाढतं. मागे नेलं की रेघ १.९५ व्होल्टला टेकते. हे त्याच नगाचं थ्रेशोल्ड ज्याचा आकडा १ मिलिअँपिअरला २.०५ आला होता. दोन्ही बरोबर आहेत. कुठल्या पद्धतीने काढलं ते लिहा म्हणजे झालं. रेघेच्या उतारावरून दुसरी गोष्ट मिळते: थ्रेशोल्डच्या १ व्होल्ट वर गेलं तर हा नग १०० मिलिअँपिअर वाहू देईल, अर्धा व्होल्ट वर गेलं तर त्याचा चौथा हिस्सा, २५.

एक सावधगिरी. १७ मिलिअँपिअर गुणिले २.३६ व्होल्ट म्हणजे ४० मिलिवॉट, आणि नगाच्या टीओ-९२ या प्लॅस्टिकच्या डबीचा थर्मल रोध वॉटमागे ३१२ अंशांच्या घरात आहे. म्हणजे नग आतून बारा-तेरा अंश तापतो. तापला की थ्रेशोल्ड उतरतं आणि रेघ वाकते. बॅटरी टेकवा, दोन सेकंदांत आकडा वाचा, बॅटरी काढा. १ मिलिअँपिअरला हा त्रास नाही, तिथे नग एक अंशसुद्धा तापत नाही.

कॉलेजच्या प्रॅक्टिकलमध्ये आणखी एक पद्धत शिकवतात: ड्रेनला ५०-१०० मिलिव्होल्टच ठेवायचे, गेट वेगळ्या सप्लायने वाढवत न्यायचा, आलेखाच्या सर्वात उभ्या भागाला स्पर्शरेषा काढायची आणि छेदातून ड्रेन व्होल्टेजचा अर्धा भाग वजा करायचा. चिप बनवणाऱ्यांच्या जगात ती महत्त्वाची आहे. ब्रेडबोर्डवर तिचा खटाटोप जास्त आणि फायदा कमी.

हा आकडा लागतो कुठे

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकर आणि टाकीची पातळी हा रोजचा विषय, त्यामुळे नवी मुलं पहिला प्रकल्प म्हणून टाकीचा अलार्म किंवा पंपाचं कंट्रोल करतात. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचा पाय ३.३ व्होल्ट देतो, तो २एन७००० च्या गेटला, आणि ड्रेनवर १२ व्होल्टचा छोटा निळा रिले, उलट्या डायोडसकट. रिलेची कॉइल ४०० ओहमची, म्हणजे ३० मिलिअँपिअर. वरच्या नगाला ३.३ वजा १.९५ म्हणजे १.३५ व्होल्ट मिळतात. वर्ग करून शंभराने गुणलं की १८० मिलिअँपिअर. भरपूर. आता समजा त्याच पिशवीतला दुसरा नग १ मिलिअँपिअरला २.९ दाखवतोय. डेटाशीटच्या मर्यादेत आहे, दुकानदाराशी भांडता येणार नाही. त्याची रेघ २.८ ला टेकेल, हाती उरले ०.५ व्होल्ट, म्हणजे २५ मिलिअँपिअर. रिलेला ३० हवेत. कॉइलवर १२ ऐवजी १० व्होल्ट पडतील. टेबलावर तो रिले कदाचित टिक करेलही, आणि गेटचे ३.३ व्होल्ट थोडे खाली आले की गच्चीवरच्या पेटीत ओढेनासा होईल. असले दोष शोधायला दोन दिवस जातात आणि बिचाऱ्या प्रोग्रॅमवर संशय घेतला जातो.

थ्रेशोल्ड म्हणजे पूर्ण उघडण्याचं व्होल्टेज ही गैरसमजूत इथे महागात पडते. थ्रेशोल्डला नग जेमतेम जागा झालेला असतो. २एन७००० च्या चालू रोधाची (उघडल्यावर ड्रेन-सोर्समध्ये उरणाऱ्या रोधाची) हमी डेटाशीट ४.५ आणि १० व्होल्ट गेटलाच देते; ३.३ ला काहीच वचन नाही. एक-दोन नग वापरायचे असतील तर मोजून निवडा. पन्नास बोर्ड करायचे असतील तर मोजत बसू नका, ज्याचा चालू रोध २.५ व्होल्ट गेटलाच लिहून दिलेला आहे असा नग घ्या, उदाहरणार्थ एओ३४००. ती डबी चिमुकली असते, डोळे चांगले हवेत.

आणखी थोडं

छोट्या पडद्याचे, तीन भोकांत पाय खोचून बटण दाबायचे कंपोनंट टेस्टर आता सगळीकडे मिळतात. मूळ मांडणी जर्मनीतल्या मार्कुस फ्रेयेक यांची, पुढे कार्ल-हाइन्त्स क्युबेलर यांनी वाढवलेली. पाय ओळखून देण्यासाठी ते झकास आहेत आणि थ्रेशोल्डही दाखवतात. पण कुठल्या करंटला, ते पडद्यावर येत नाही. तो आकडा डेटाशीटच्या १ मिलिअँपिअरवाल्या ओळीशी ताडून पाहायचा नाही.

पी-चॅनल नग असेल, जसा बीएस२५०, तर सगळं उलटं: सोर्स बॅटरीच्या धन टोकाला, गेट-ड्रेन जोडून तिथून रेझिस्टर ऋण टोकाला, आणि वाचन ऋण लिहायचं.

वहीत खोलीचं तापमानही टाका. थ्रेशोल्ड अंशामागे साधारण २ ते ५ मिलिव्होल्ट उतरतं. जानेवारीच्या सकाळी मोजलेला नग मे महिन्याच्या दुपारी पंधरा अंश जास्त उकाड्यात मोजला तर पाऊणशे मिलिव्होल्टपर्यंत फरक पडू शकतो, आणि त्यात नगाचा काही दोष नाही.

दोन सारखे नग निवडायचे असतील, ऑडिओच्या किंवा करंट मिररच्या कामासाठी, तर वेगवेगळे मोजून वजाबाकी करू नका. १० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांत फरक हरवून जातो. दोन जोडण्या शेजारीशेजारी करा, एकाच बॅटरीवर, दोन्हींना ६.८ के, सोर्स एकत्र. मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि एक प्रोब एका गेटवर, दुसरा दुसऱ्या गेटवर. आता थेट फरक दिसतो, मिलिव्होल्टच्या दहाव्या भागापर्यंत. एका नगाला चिमटीत धरा: अंगाच्या उबेने आकडा सरकू लागतो आणि सोडल्यावर मिनिटभराने सावकाश परत येतो. तेवढा वेळ थांबून मगच लिहा. मग दोन्ही रेझिस्टरांची अदलाबदल करून पुन्हा वाचा आणि चिन्हासकट दोन्ही वाचनांची सरासरी घ्या. रेझिस्टरांच्या फरकाने आलेली चूक त्यात कटते. जोडी सापडली की दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना लावून वर श्रिंक ट्यूब चढवा, म्हणजे तापले तरी बरोबर तापतील.